तात्यांची जीभ

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी पाणी पाजलं.

बारामतीत मी नवी होते. शाळेत नोकरी लागलेली, नवरा पुण्यात, तो शनिवारी येणार. त्यामुळे 'एकट्या बाईला खोली देत नाही' हे वाक्य सकाळपासून दारोदार ऐकून माझं डोकं उठलं होतं. शेवटी गावाच्या पार कडेला, जिथं ऊस संपून घरं सुरू होत होती, तिथं एका ओट्याशी येऊन टेकले. ओट्यावर बंडी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पुढ्यात पितळेचे तांबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर फुलपात्र पालथं घातलेलं. मला वाटलं, हे भांडी विकतात की काय.

त्यांनी एका तांब्यातलं पाणी ओतून माझ्यापुढं धरलं. मी घटाघटा प्यायले.

"कसंय?"

"पाण्यासारखं," मी म्हटलं.

त्यांनी असं तोंड केलं, जणू मी त्यांच्या सात पिढ्यांना शिवी दिली होती. "बाई, ह्याला उत्तर म्हणत न्हाईत. पाण्यासारखं पाणी जगात कुठं नसतं. पाण्याला गाव असतं. तुमचं गाव कुठलं?"

"डाळज. भिगवणजवळ."

"मग बराबर हाय. उजनीच्या काठची तुमी. पुण्यानं आंघोळ करून सोडलेलं पाणी पिऊन मोठ्या झाला. तुमच्या जिभंला काय कळणार?"

असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली दिली. भाड्याचं नंतर त्यांच्या बायकोशी, म्हणजे काकूंशी, बोलायचं म्हणाले. मला राग आला होता, पण उठून जायचं त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते खोटं काय बोलले होते? आमच्या डाळजला उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की काठाला हिरवी साय धरायची आणि एक वास सुटायचा. आई त्या दिवसांत पाणी उकळून, गाळून, वर तुळशीचं पान टाकून द्यायची. तरी वास जायचा नाही. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. ते मूळचे वडगाव निंबाळकरचे. उभा जन्म कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी केलेली, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघून कालव्याचं दार उघडायचं आणि बंद करायचं. नोकरीत असतानाच ही जागा घेतली, ती जागेवर विहीर होती म्हणून. घर नंतर बांधलं, तेही विहिरीकडं तोंड करून. पुढचं दार उघडलं की रस्ता नाही, विहीर दिसायची. पाहुणे घराला वळसा घालून यायचे. काकू म्हणायच्या, "माझी सवत दारात हाय, मी आपली मागल्या अंगाला."

तर ते तांबे. तात्या कुठंही गेले की येताना पाणी आणायचे. लोक गावाहून पेढे आणतात, आंबे आणतात, हे पाणी आणत. सकाळी चूळ भरून झाली की ओट्यावर बसायचे आणि एकेका तांब्यातला घोट तोंडात धरून डोळे मिटायचे. मग निकाल. हे जरा तुरट हाय, चुनखडीतनं आलंय. हे कालव्याचं पाझरलेलं. ह्याला पालापाचोळ्याचा वास हाय, विहीर उपसाय झालीया. मी एकदा त्यांची फजिती करायची म्हणून इंदापूरच्या स्टँडवरचं निम्मं आणि त्यांच्याच विहिरीचं निम्मं, असं एका बाटलीत मिसळून आणलं. त्यांनी घोट घेतला, गिळला, परत घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ह्येच्यात भांडण लागलंय. दोन गावं हायेत ही." मी तोंडात मारल्यासारखी वर माझ्या खोलीत गेले.

लेकीचं लग्नही त्यांनी असंच जमवलं. एकुलती एक लेक. स्थळ इंदापूरचं. बाकीचे लोक पोहे खाऊन मुलाला नोकरीचं विचारत होते, तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन माठातलं पाणी मागत होते. बाहेर आले आणि म्हणाले, बैठक करा. काकू हे सांगताना अजून कपाळाला हात लावतात. "ह्यांनी जावई बघितलाच न्हाय, माठ बघितला."

जावई चांगला निघाला, हे आमचं नशीब.

विहिरीच्या आतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यातल्या बाया. तात्या देवभोळे म्हणावेत असे नव्हते, एकादशीला कांदा खायचे, पण आसरांपुढं त्यांचा आवाज बदलायचा. दुकान बंद केलं तर आपण 'वाढवलं' म्हणतो, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, तसं विहीर 'आटली' हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायचा नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की म्हणायचं, आसरा माहेरी गेल्या. "माहेरी गेलेली बाई परत येती," ते सांगायचे. "तिला टाकल्याली म्हणू नये."

आणि वस्तीतली प्रत्येक बाळंतीण सव्वा महिना झाला की ह्या विहिरीवर पूजेला यायची. हळदकुंकू, पाच खारका, हिरवा खण. पूजा झाली की तात्या स्वतः पाणी शेंदून आधी आपण घोट घ्यायचे, "गोड हाय" म्हणायचे, आणि मग बाळंतिणीच्या ओंजळीत ओतायचे. तिनं ते प्यायचं, ओलं बोट बाळाच्या ओठाला लावायचं. त्यानंतर ती घरात पाणी भरायला मोकळी. माझा मुलगा झाला तेव्हा माझं माहेर डाळजला, सासर तिसरीकडंच, पण मी हट्टानं इथं येऊन पूजा केली. तात्यांनी पाणी ओतताना विचारलं, "आता कसंय?" मी म्हटलं, "वस्तीचं हाय." तेव्हा कुठं मला पास केलं.

आता जे सांगायचं ते सांगायला जिवावर येतंय. पण सांगायला बसलेच आहे.

ऊस गेला. आधी एक प्लॉट, मग चार, मग सगळी पट्टीच. विहिरीला लागून असलेल्या रानात एक बिल्डर आला. इमारत बांधायची तर पाणी पाहिजे आणि नळ तर वस्तीच्या अलीकडंच थांबलेला. बिल्डर माणूस गोड बोलणारा. पेढ्यांचा पुडा घेऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तात्या, तुमी बोट ठेवाल तिथं बोअर मारतो. पाण्यातलं तुमच्याएवढं कळणारा मानूस तालुक्यात न्हाय."

आत काकूंनी भांडी आपटायला सुरुवात केली. तात्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. ते अनवाणी त्या रानात उतरले. इकडं चालले, तिकडं चालले, एका जागी उभे राहिले आणि टाच रोवली.

"हितं. माझ्या विहिरीचा झरा हितनंच येतो."

मी गच्चीवरून बघत होते. धावत खाली आले. "तात्या, तुम्ही आपल्या हातानं आपला झरा दाखवलात?"

"पाणी इचारणाऱ्याला न्हाय म्हणू नये, बाई. जल्मभर म्या कुणाला न्हाय म्हटलं न्हाय. आन् झरा काय माझ्या बापाचा हाय व्हय?"

बोअरला पाणी लागलं. पांढऱ्या चिखलाचा फवारा उडाला, माणसं ओरडली, बिल्डरनं नारळ फोडला. तात्यांनी तो गढूळ घोट तोंडात घेतला आणि हसत मागं वळून काकूंना सांगितलं, "आपलंच हाय गं." त्यांना त्याचा आनंद झाला होता. हा माणूस असा होता, त्याला काय करणार.

पुढचं कुणालाही सांगता येईल. त्या इमारतीच्या मागं दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. ज्याचा त्याचा बोअर, दुसऱ्यापेक्षा खोल. आसरा आधी वैशाखात माहेरी जायच्या, मग चैत्रात जाऊ लागल्या, मग होळीलाच. विहिरीचा तळ उघडा पडला तेव्हा त्यात एक चप्पल, दोन चेंडू आणि काकूंची बादली निघाली. त्या बादलीवरून काकूंनी शेजारणीशी कैक वर्षं अबोला धरला होता. तो सुटला. एवढाच काय तो त्या दुष्काळाचा फायदा.

मग एक वर्ष असं आलं की पावसाळा झाला तरी विहिरीत पाणी आलं नाही. बाळंतिणी येईनाशा झाल्या. कुणी बोअरच्या नळाचीच पूजा केली, कुणी केलीच नाही. बिल्डरचा पहिला बोअरही कोरडा पडला, त्यानं दुसरा बराच खोल मारला. त्याचं पाणी असं की डाळ शिजेना, भांड्यांवर पांढरी पुटं धरायला लागली. तात्यांनी ते चाखलं आणि थुंकलं. "ह्याला गाव न्हाय," एवढंच म्हणाले. हळूहळू सगळ्या वस्तीत पिण्याच्या पाण्याचे जार यायला लागले. तात्यांनी जारला हात लावला नाही. नळ होता त्या भागातनं सायकलवर पाणी आणायचे, आणि रोज सकाळी घोटभर पाण्याचा तांब्या कोनाड्यातल्या आसरांपुढं ठेवायचे. कोरड्या विहिरीत दोर सोडून तांब्या ठेवणारा म्हातारा बघून नव्या इमारतीतल्या बायका हसायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि तात्यांचाही यायचा.

अशात त्यांची लेक बाळंतपणाला आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखाने झालेले, नवस झालेले. आशा सोडलेली असताना दिवस राहिले आणि मुलगी झाली. तात्या नातीला मांडीवर घेऊन म्हणाले, "हिची पूजा हितंच हुईल." काकूंनी विचारलं, "कोरड्या विहिरीची?"

आणि लेकीचा सव्वा महिना भरत आला, ऐन वैशाखात, कालवा बंद, सगळीकडं फुफाटा, तेव्हा एका सकाळी तात्यांची हाक आली, "आल्या."

मी जाऊन वाकून बघितलं. तळाला पाणी होतं. दुसऱ्या दिवशी जास्त. वस्ती लोटली. तात्या सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होते. त्यांनी पहिली घागर शेंदून काढली, घोट घेतला, डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले.

"गोड हाय," म्हणाले.

काकूंनी त्याच पाण्यानं माठ भरला. मी कठड्यावर वाकले होते, आणि माझ्या नाकात तो वास आला. डाळजचा. मला क्षणभर कळेनाच की मी कुठं उभी आहे.

घरी येऊन गच्चीवर गेले. खाली बघितलं तर इमारतीच्या मागं, जिथं तात्यांनी टाच रोवली होती तिथं, संडासाच्या टाकीतून निघालेला जाड पाईप त्या जुन्या कोरड्या बोअरमध्ये सोडलेला होता. झरा जिथनं विहिरीत यायचा तिथनंच आता हे येत होतं.

मी इमारतीच्या सेक्रेटरीला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, गटाराची लाईन अजून इकडं आलेली न्हाय. टाकी भरून वाहाया लागली. बोअर रिकामाच हाय. आन् जमीन गाळून घेतीच की."

"आणि विहीर?"

"विहिरीचं आता कोण पितंय? समदे जार घेत्यात."

'जमीन गाळून घेते.' हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता मला त्याची किळस येते. शिकलेले बोलतात, न शिकलेले बोलतात, घर बांधणारे बोलतात आणि त्यात राहणारेही बोलतात.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते नातीचं दुपटं वाळत घालत होते. मी पाईपचं सांगितलं, वासाचं सांगितलं. म्हटलं, "तात्या, लेक ओली बाळंतीण आहे. बाळाच्या ओठाला लागणार ते पाणी."

"म्या चाखलंय," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. "तुमाला उजनीचा वास नाकात बसलाय, बाई. समदीकडं त्योच येतो तुमाला."

मग काकूंकडं गेले. काकूंचं पोट बिघडलं होतं, आंबा बाधला म्हणत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, त्यांची बाकीची कुठलीबी गोष्ट मी ऐकत न्हाय. पर पाण्याच्या बाबतीत जल्मभर त्यांच्या जिभंवर भरवसा ठेवलाय. ती जीभ खोटं बोलायची न्हाय."

पूजेच्या दिवशी विहिरीवर बायकांची ही गर्दी. लेक नव्या हिरव्या साडीत, बाळ काकूंच्या कुशीत. मी मुद्दाम लेकीच्या शेजारी उभी राहिले. ठरवलं होतं, ओंजळ धरली की मी ती पाडायची, मग काय व्हायचं ते होवो. हळदकुंकू वाहून झालं, खारका झाल्या. तात्यांनी पाणी शेंदलं, घोट घेतला, तोंडात धरला. सगळ्या बायका थांबल्या.

"गोड हाय."

लेकीनं ओंजळ धरली. तात्यांनी तांब्या कलता केला. पाणी पडायला लागलं, तिनं ओंजळ तोंडाशी नेली, आणि माझा हात पोचायच्या आत तात्यांनी तिच्या हातांवर एवढ्या जोरात फटका मारला की तिच्या बांगड्या फुटल्या. तांब्या विहिरीत गेला.

"थुक," ते म्हणाले. "थुक म्हंतो."

"तात्या, म्या प्यायलेच न्हाय," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली. "काय झालं?"

तात्या कठड्याला धरून खाली बसले. बायकांसमोर स्वतःच थुंकत राहिले, बराच वेळ. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "पैल्या घोटालाच कळलं हुतं मला. पर आल्या हुत्या गं. एवढ्या वरसांनी आल्या हुत्या. त्यांना तोंडावर कसं म्हणू की तुमी घाण झाला?"

काकूंनी बाळाला पदराखाली घेतलं. घराकडं वळता वळता थांबल्या.

"पैल्या घोटाला कळलं," काकू म्हणाल्या, "आन् मला माठ भरू दिला?"

काकू पुढं बऱ्या झाल्या, सलाईन लागली तेवढीच. त्या नवऱ्याशी बोलतात, जेवायला वाढतात, औषधं देतात. पण पाणी कसं आहे हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तात्यांचे तांबे त्यांनी माळ्यावर टाकले. तात्यांनी मागितलेही नाहीत.

इमारतीतला पाईप आम्ही भांडून काढायला लावला. त्यांनी तो काढून पलीकडच्या प्लॉटमधल्या दुसऱ्या कोरड्या बोअरमध्ये सोडला. त्या प्लॉटच्या खाली कुणाची विहीर आहे मला माहीत नाही. पुढं इथंच राहायला आलेल्या तात्यांच्या जावयानं विहिरीवर स्लॅब टाकून घेतला, आता तिथं गाडी लागते. आसरांचे दगड काकूंनी आधीच काढून तुळशीपाशी मांडले. आम्हीही पुढं दुसऱ्या बाजूला फ्लॅट घेतला. आमच्याकडंही बोअर आहे, टँकर आहे, जार आहे, आणि टाकीचं पाणी कुठं जातं असं मीटिंगमध्ये विचारलं की मला तेच सांगतात, जमीन गाळून घेते. मी वर्गात मुलींना पाणी वाचवा म्हणून निबंध लिहायला लावते. मला स्वतःला आता कसलीच आशा वाटत नाही, हे त्यांना सांगत नाही एवढंच.

मागच्या महिन्यात तात्यांकडं गेले होते. खंगलेत. ओट्यावरच बसतात, पण आता पुढं तांबे नाहीत, समोर विहीर नाही, जावयाच्या गाडीचं मागचं चाक दिसतं. नात अंगणात खेळत होती, धडधाकट आहे, तोंडाळ आहे. काकूंनी जारचं पाणी आणलं, एक पेला मला, एक तात्यांना. त्यांनी तो औषध घेतल्यासारखा एका दमात संपवला. डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हे विचारलं नव्हतं, विचारायचे ते. पण माझ्यानं राहवलं नाही.

"कसंय, तात्या?"

त्यांनी रिकामा पेला ओट्यावर पालथा घातला.

"पाण्यासारखं," ते म्हणाले.